आकड्यावरचा पंप

एलिजियोला भीती वाटत नाही, त्याच्या वाट्याचीही मलाच वाटते. बावीस वर्षांच्या संसारात ही वाटणी पक्की झाली आहे.

त्या दिवशी दुपारी चारला तो नवा पंप घेऊन अंगणातल्या हौदात उतरला. जुना पंप जळून आठ दिवस झाले होते. नळाचं पाणी हौदात पडत होतं, पण छपरावरची टाकी कोरडी ठणठणीत, आणि बादल्या वर नेऊन माझ्या कमरेचा काटा ढिला झाला होता. हौदाचं तोंड एवढंसं, की माणसाने खांदे आवळून आत शिरावं. आत कमरेएवढं पाणी. पंपाची वायर आखूड निघाली, म्हणून जोड आतच उभं राहून द्यायचा होता.

"आधी मेन स्विच बंद कर," मी म्हटलं.

"लाईटच नाही तर बंद काय करू? सहाला येते. उशिरा येईल एक वेळ, लवकर आलेली कधी पाहिलीस का?"

"तू आणि तुझी अक्कल."

"अक्कल असती तर तुझ्याशी लग्न केलं असतं?" आतून त्याचा आवाज घुमला.

सांतो दोमिंगोत आमच्या चढावरच्या वस्तीत सगळे असंच करतात. लाईट गेली की प्रत्येक घरातला नवरा पक्कड घेऊन उठतो. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी कच्ची केळी सोलायला बसले.

पावणेपाचला खालच्या गल्लीतून आरडाओरडा आला, "आली रे, लाईट आली!"

माझ्या हातातली सुरी खाली पडली. आमच्याकडे लाईट एकदम येत नाही. आधी खालची गल्ली, मग चर्चच्या आसपास, सगळ्यात शेवटी आम्ही. मधे कधी दहा मिनिटं जातात, कधी एकच. मी हौदाच्या तोंडाशी आडवी पडले. तो दातांनी वायर सोलत होता.

"एलिजियो, बाहेर ये. खाली लाईट आली."

"खालच्यांची आली असेल," तो वायर दातांत धरूनच म्हणाला. "दोन मिनिटांत होतंय."

त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी घरात धावले, मेन स्विच खाली ओढला आणि भिंतीला टेकले. सुटलो एकदाचे, असं वाटलं. आणि मग आठवलं.

पंप मेन स्विचवर नव्हताच. पंप आकड्यावर होता. पंप मीटरवर ठेवला तर बिल घर गिळेल म्हणून मीच दोन वर्षांपूर्वी त्याच्या मागे लागले होते. सगळ्या गल्लीचे पंप आकड्यावर, तू एकटाच कुठला संत लागून गेलास, असं हिणवलं होतं. मग त्याने आमच्या छपरावरून रस्त्यावरच्या तारेवर आकडा टाकला. तिथून वायर थेट हौदात. घरातल्या कुठल्याही बटणाने ती बंद होणार नव्हती.

अवोकाडो पाडायची बांबूची काठी घेऊन मी जिना चढले. चढता चढता चर्चकडून दुसरी आरोळी आली. अल्ताग्रासिया माते, त्याला नको, मला घे, असं मी मोठ्याने बोलत होते. काठी आकड्याला लागेना. पहिल्यांदा तारेच्या वरून गेली, दुसऱ्यांदा खालून.

शेजारच्या छपरावर तोमासिना कपडे वाळत घालत होती. "नेरेइदा, वेडी झालीस का? आता लाईट येईल आणि तू आकडा काढतेस?"

तिसऱ्यांदा आकडा सुटला आणि वायर छपरावर पडली. त्याच वेळी तोमासिनाचा रेडिओ दणाणला आणि गल्लीभर टाळ्या वाजल्या. आधी वायर पडली की आधी रेडिओ लागला, ते मला कळलं नाही. आजही सांगता येणार नाही.

हौदातून काही आवाज नव्हता.

मी जिना एकेक पायरी उतरले. पळाले नाही. जोवर मी खाली पोचत नाही तोवर तो जिवंत आहे, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. शेवटच्या पायरीवरून मी हौदापर्यंत रांगत गेले. आत डोकावायचं धाडस होईना, म्हणून डोळे मिटून तोंडाशी वाकले.

"नेरेइदा," खालून आवाज आला, "रेडिओ लागला ना? मग आपली लाईट कुठे अडली? दोन्ही टोकं हातातच धरलीत, येतोय का करंट बघू."

मी हात आत घालून त्याचे केस मुठीत धरले आणि ओढले.

"आई गं! अगं, काय करतेस?"

"वर ये," मी म्हटलं. तो पूर्ण बाहेर येऊन फरशीवर बसेपर्यंत मी केस सोडले नाहीत.