दोन काळ्या केबली

खड्ड्यात दोन केबली, दोन्ही काळ्या, दोन्ही शेवाळानं बरबटलेल्या. एक मेलेली, ती आज कापून काढायची. दुसरी जिवंत, समुद्राखालून आलेली. अख्ख्या किनाऱ्याच्या बँका, दवाखाने, विमानतळ सगळे तिच्यावर. तिच्या जोडीची लाईन गेल्या आठवड्यात समुद्रातच तुटली. म्हणजे आज माझी करवत चुकली की सगळीकडे बोंबाबोंब. नावाच्या पट्ट्या खाऱ्या पाण्यानं केव्हाच खाल्ल्यात. आणि वर मलाच सांगतात, "बाई, जरा घाई करा, भरती येतेय." अरे, मग भरतीला सांगा ना थांबायला!

ओळखायची रीत एकच. किनाऱ्यावरच्या केबल-स्टेशनात मेलेल्या केबलच्या काचेच्या धाग्याला यंत्र जोडायचं आणि इथे मी केबलवर हातोडी ठोकायची. धागा थरथरला की तिकडे पडद्यावरची रेघ उडते. उडली, तर ती मेलेली. कापा खुशाल.

पडद्यापुढे होता माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा चड्डी सावरत फिरायचा, आता दोन महिन्यांच्या लेकीचा बाप. मीच शब्द टाकून त्याला इथे चिकटवलेला. नोकरी पक्की करायची की घरी पाठवायचं, ते साहेब आज ठरवणार होते, आणि उभे होते बरोब्बर त्याच्या मागे. पोरगा गुणी हो, पण होयबा. कुणी दरडावलं की आधी मान डोलावणार.

"डावीवर ठोकते रे," मी वॉकीटॉकीवर सांगितलं.

पाणी घोट्यापर्यंत आलेलं. हातोडी उचलायला गेले तर हातातून सटकून चिखलात. शिव्या घालत चाचपायला लागले.

"वहिनी, दिसतंय! काप!"

हातोडी अजून चिखलातच होती.

"काय दिसतंय?"

"रेघ उडतेय ना! डावीच आहे. साहेब म्हणतायत, आटपा."

"नीट बघ."

"बघितलं गं!"

वाटलं, गुपचूप आता ठोकावं, त्याची झाकली मूठ राहू द्यावी. पण तिकडे डोळे त्याचेच. तो पुन्हा "दिसतंय" म्हणाला, तर मी विश्वास कशावर ठेवायचा?

"साहेबांना दे."

"वहिनी, अगं..."

"दे म्हणते ना!"

साहेब आले. मी बोलले, "साहेब, मी अजून ठोकलेलंच नाही. पडद्यापुढे तुम्ही स्वतः बसा."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

हातोडी सापडली. डावीवर ठोकलं.

"काही नाही," साहेब म्हणाले.

उजवीवर ठोकलं.

"उडाली. परत ठोका."

तीनदा ठोकून घेतलं. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा उजवी कापली.

वर आले तर दीर खड्ड्याच्या काठावर येऊन बसलेला, गळ्यातलं ओळखपत्र गेलेलं.

"उद्यापासून येऊ नकोस म्हणाले." माझ्याकडे बघेना. "मला एकट्याला हळूच सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?"

"आणि मग मी खरंच ठोकल्यावर रेघ उडाली नसती, तर काय म्हणाला असतास?"



"दिसतंय म्हणालो असतो," तो म्हणाला आणि रडायला लागला. त्याला जवळ घेतलं आणि मीही रडले.