एक रात, एक पान

हैबतरावांनी पान अंगठ्याखाली दाबून धरलं आणि पुस्तक पडवीच्या कठड्यावर टेकवलं. खाली अंगणात उभा राहून पिराजी ते वहीत उतरवून घेऊ लागला. पडवी चढायची नाही, पुस्तकाला हात लावायचा नाही. अंगठा उचलला की त्या दिवसाची शाळा संपली.

"झालं का?"

"खालच्या दोन वळी ऱ्हायल्यात. अंगठा जरा सरकवा, अण्णा."

अंगठा नखभर सरकला.

करार सोपा होता. पिराजीची मेंढरं रात्रभर हैबतरावांच्या रानात बसायची आणि रान खतवून निघायचं. याबद्दल धनगराला धान्य द्यायचा रिवाज. पिराजीनं धान्य नको म्हटलं. एका रातीला एक पान, एवढंच मागितलं. भात निघाल्यापासून बत्तीस रात्री झाल्या, बत्तीस पानं झाली. पुस्तक अठ्ठेचाळीस पानांचं होतं.

पुण्याची सरकारी कारकुनाची परीक्षा वीस दिवसांवर होती. चैत्रात पिराजीला पंचविसावं सरणार, मग अर्जच चालणार नव्हता. गणितात तो कुणाला हार जात नव्हता. मारत होती ती इंग्रजी, आणि तिच्यातही क्रियापदांची पिलावळ. गिव्हच्या मागं अप आलं की सोडून देणं, इन आलं की नमतं घेणं, अवे आलं की देऊन टाकणं. प्रश्नपत्रिकेत मधली जागा कोरी ठेवतात आणि म्हणतात, भर. घोटावड्याच्या माणसानं जन्मात कधी न बोललेलं वाक्य बिनचूक पुरं केलं, तरच त्यानं घोटावड्याचा सातबारा लिहायचा! इंग्रज जाऊन चौदा वर्षं झाली होती. जाताना तो कचेरीला कुलूप लावून गेला, आणि किल्ली आपल्यातल्याच चार जणांनी करगोट्याला बांधली.

त्या चारांतले एक हैबतराव. साहेबाच्या हाताखाली कारकुनी केलेले. पंचक्रोशीत इंग्रजी कागद आला की तो त्यांच्याच पडवीत यायचा. पिराजीचा बाप कुशाबा असाच एक जंगलाचा कागद घेऊन आला होता. हैबतरावांनी तो वरून खाली पाहिला आणि म्हणाले, "चराई चालू ठिवायचा कागुद हाय. उठव अंगठा." कुशाबानं उठवला. पुढच्या पावसाळ्यात कळलं, की त्या कागदावर त्यानं डोंगरावरची चराई आपणहून सोडून दिली होती. "सरकार फिरलं, मी काय करू?" हैबतराव म्हणाले होते. कुशाबा मरेपर्यंत सरकारलाच शिव्या घालत राहिला.

पिराजीनं वही मिटली.

"अण्णा, येक इचारू? पुट अप विथ म्हंजी निमूट सोसणं, असं लिवलंय. मग नुसतं पुट अप म्हंजी निम्मं सोसणं व्हय?"

आत जेवत बसलेला हैबतरावांचा मुलगा वाल्मीक फिस्सकन हसला. तोही त्याच परीक्षेला बसत होता, तिसऱ्यांदा. हैबतराव हसले नाहीत. त्यांनी पुस्तक फाटकन मिटलं.

"परीक्षेत परश्न त्यांनी इचारायचं असत्यात. तू न्हाई."

"तसं न्हवं, पुढच्या पानावर आसंल तर..."

"पुढची पानं आता वाल्मीकला लागत्यात. तुजं झालं तेवढं बास. मेंढरं मातूर वड्याच्या रानात बसव. कबूल केलंयस."

"मी अठ्ठेचाळीस पानं कबूल केलीती."

"मग जा धान्य घेऊन! मेंढरामागं फिरणाऱ्यानं किती इंग्रजी बोलायचं, त्यालाबी काय माप हाय का न्हाई?"

पिराजीनं काठी उचलली.  मग तो रानाकडं चालू लागला.

वाघरीपाशी, मेंढरांभोवती ताणलेल्या त्या जाळीपाशी, त्याची आई बायजा कोकरं सोडायला थांबली होती. त्याचा चेहरा बघून तिनं ओळखलं.

"न्हाई दिलं न्हवं? मी पयल्या दिवशीच म्हणलं हुतं, धान्य घे. आता भाज त्यो कागुद न् खा."

"गप ऱ्हा, आई."

"का गप ऱ्हाऊ? तुज्या बाचा अंगठा घेतला त्यांनी, तुजी मेंढरं फुकट बसवून घेतली. आता माजं लुगडं घिऊन जा म्हणावं!"

पिराजी खाली बसला आणि त्यानं काट्यांचं कोंडाळं उघडलं. कोकरं एकदम सुटली. शंभर आयांच्या गर्दीत जे ते आपली आई शोधू लागलं. चुकीच्या कासेला तोंड लावलं की मेंढी लाथ हाणत होती. पिराजी चुकलेल्याला उचलून बरोबर आईखाली सोडत होता आणि तोंडानं पुटपुटत होता. कानफाटी मेंढी म्हणजे लुक. तिच्या तीन कोकरांना त्यानं नावं दिली होती: आफ्टर, म्हणजे सांभाळणं, फॉर, म्हणजे शोधणं, आणि सगळ्यात मारकं ते डाऊन ऑन, म्हणजे तुच्छ लेखणं. बत्तीस पानं अशी कळपात चरत होती.

"पिऱ्या."

वाल्मीक जाळीबाहेर उभा होता. कोपरीआडून त्यानं पुस्तक काढलं.

"अण्णा पाठीमागच्या गोठ्याकडं गेल्यात. मला तर यातलं कायबी डोक्यात ऱ्हात न्हाई. तुला ऱ्हातंय. हे घे, वाच, पर मला बी सांग कसं ध्यानात ठिवतूस ते."

"तुज्या बाला कळलं तर?"

"मारंल. मला काय नवं हाय?"

पिराजीनं हात धोतराला पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पुस्तक हातात घेतलं. बत्तिसावं पान काढलं. पुढचं उलटायला गेला, तर उलटेना. कडा एकमेकींना जोडलेल्या होत्या. छापखान्यातून घडी येते तशीच, बंद. अंगठ्यानं त्यानं शेवटपर्यंत चाचपून पाहिलं. सोळाच्या सोळा पानं कुणी कधी कापलीच नव्हती. पहिल्या पानावर हैबतरावांची सही होती, आणि साल होतं एकोणीसशे अडतीस.

"पर अण्णांना तर पुस्तक तोंडपाठ हाय," वाल्मीक म्हणाला.  पिराजीनं बंद कडांवर त्याचं बोट फिरवलं.

मग त्यानं लोकर कातरायची कातर मागितली. बायजानं ती आणून दिली. वाल्मीकनं पुस्तक दोन्ही हातांनी धरलं. पिराजीनं एकेक घडी हलक्या हातानं कापली, कोकराच्या कानाजवळची लोकर कापावी तशी. मग उजेड होता तोवर दोघं लिहीत बसले, एक वाचणार, दुसरा उतरवणार. तरी सहा पानं राहिली, ती उजाडताना झाली.

ऊन चढायच्या आत हैबतराव रानात आले. मेंढरं निघाली होती.

"कुटं चाललास? वड्याचं रान ऱ्हायलंय."

"कासार आंबोलीच्या शिवारात." पिराजीनं पुस्तक पुढं केलं. "हे तुमचं."

हैबतरावांनी ते हिसकावून घेतलं. शिवी ओठावर आली होती. पण बोटांना कडा लागल्या, ताज्या, खरखरीत. ती शिवी तिथंच राहिली. त्यांनी पिराजीच्या मागं पाहिलं. वाल्मीक जाळी गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"त्यानं बघितलं?" हैबतरावांचा आवाज खाली आला होता.

"त्यानंच धरलं हुतं पुस्तक."

मेंढरं बांध उतरू लागली. बायजानं पुढून हाळी दिली. पिराजी चार पावलं गेला आणि परत वळला. रात्रभर त्यानं राग सोळा पानांवर ठेवला होता. आता तो पानांवर मावेना.

"अण्णा, माज्या बाचा कागुद... तवा वाचता आला हुता का तुमाला?"

हैबतराव खतावलेल्या रानात उभे होते. पुस्तक मिटलेलं होतं, आणि अंगठा त्याच्यावर दाबून धरलेला होता.