एगेसासाहेबांची चवरी

मी माशा वारायची चवरी. गाईच्या शेपटीचे केस आणि लाकडाची मूठ, एवढाच माझा जीव. माझा जन्म नदीपलीकडच्या देशातला. ताकाचं लग्न झालं तेव्हा तिच्या वडिलांनी मला जावयाच्या हाती दिलं आणि ताकाबरोबर मीही पूल ओलांडून सासरी आले. नव्या नवरीसारखी गप्प राहायचे आणि सगळं बघायचे.

घरधनी एगेसा राजकारणी. सभेत मला उंच हलवून म्हणायचे, "नदी एक, भाषा एक, मासे तर दोन्हीकडचे तेच! मग मधे हा नाका कशाला? आपल्या पूर्व आफ्रिकेचं एकच राष्ट्र होऊ द्या!" लोक टाळ्या वाजवायचे. मलाही ते मनापासून पटायचं. माशा तर आधीपासूनच नाका न मानता ये-जा करायच्या.

ताकाचा भाऊ मुगेनी पलीकडच्या सरकारविरुद्ध बोलला आणि जीव वाचवायला आमच्याकडे पळून आला. मागच्या खोलीत राहायचा.

"दाजी, तुमचं एक राष्ट्र झालं की मी पळू कुठं?" जेवताना तो चिडवायचा.

"अरे, मग पळावंच लागणार नाही. मक्याची उगाली घे अजून, तोंड बंद राहील."

मग दोन्ही देशांच्या सभेत पहिला ठराव आला: पोलीस एक करायचे. साहेबांनी मला वर करून होकार दिला.

घरी ताका म्हणाली, "बाजार नाही, दवाखाना नाही, आधी पोलीसच?"

"सुरुवात कुठून तरी करावी लागते गं. एकदा दार उघडलं की सगळेच येतात."

"हो ना, सगळेच," ताका म्हणाली आणि भांडी उचलायला लागली.

नाक्याचा दांडा काढायचा सोहळा पुलावर झाला. ढोल, नवे झेंडे. पहिली गाडी पलीकडे निघाली ती पोलिसांची, बंद, जाळीच्या खिडकीची. साहेबांनी हसत मला तिच्या दिशेनं हलवलं. जाळीतून दोन बोटं बाहेर आली. ती मी पाहिली.

आमच्यात सासू जावयासमोर येत नाही. तो दिसला की ती वाट सोडते, तो तोंड वळवतो. ताकाची आई इतकी वर्षं शेतातून वळसा घालून जायची. त्या दिवशी ती पुलावरून सरळ चालत आली आणि साहेबांच्या पुढ्यात उभी राहिली. ढोल थांबले.

"जावईबापू, त्या गाडीतून मुगेनीनं मला हाक मारली. तुमच्या घरातून नेलाय त्याला. बघा माझ्याकडे."

साहेबांनी मला चेहऱ्यापुढे धरलं. लोकांना वाटलं, रीत पाळतायत. त्यांचा श्वास माझ्या केसांत अडकत होता, हे मलाच ठाऊक.

मुगेनीचा पत्ता नाही. साहेब हळू आवाजात फोन करतात. तिकडून उत्तर येतं, "साहेब, ठराव तुमचाच." आता तिसरा देश सामील होतोय. भाषणाला साहेबांनाच बोलावलंय.

आज सकाळी ताकानं मला खिळ्यावरून काढलं, कापडात गुंडाळलं आणि आईकडे निघाली. पुलावर हल्ली कुणी अडवत नाही. नुसतं विचारतात.

"नाव?"

तिनं सांगितलं.

"भावाचं?"

तिचा हात माझ्या मुठीवर आवळला गेला.

साहेब कुठं भेटलेच, तर एवढा निरोप द्या: चेहऱ्यापुढे धरायला मी आता घरात नाही.