आगीनं लिहिलेलं नाव

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि पावसानं मात्र दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. चैत्रातल्या त्या सकाळी चाकूरजवळच्या आमच्या गावची शाळा ओस पडली. सगळं गाव मारुतीच्या पारावर जमलं होतं. मी, पंचशीला, त्या शाळेत विज्ञान शिकवत होते. वर्गात कुणीच उरलं नाही, तेव्हा मीही पाराकडे गेले.

पारावर गावोगाव फिरणारे अग्निमहाराज बसले होते. हातात कोरा कागद.

"समद्यांनी बघा! हात लावू नका, नुसतं बघा! शाई न्हाई, टाक न्हाई. अग्नी सोता लिहितो. अग्नी लाच खात न्हाई, अग्नी कुनाचा पाव्हना न्हाई!"

समोर चन्नबसप्पा आप्पा हात जोडून उभे होते. गावात पाणी उरलेली एकच विहीर, ती त्यांची. शेजारी बसलेली त्यांची सून शिवकांता, मांडीवर दोन महिन्यांची लेक. लेकीचे ओठ आणि नखं चार दिवसांपासून जांभळासारखी निळी पडली होती. महिन्यापूर्वी गावातलं आणखी एक बाळ असंच निळं पडून गेलं होतं.

महाराजांनी पेटती उदबत्ती कागदाला टेकवली. ज्वाळा उठली नाही. एक लाल ठिणगी मुंगीसारखी कागदावरून चालू लागली, वळली, वर चढली, खाली उतरली. महाराजांनी कागद आभाळापुढं धरला. जळून आरपार झालेली अक्षरं सगळ्यांनी वाचली : सरजा.

सरजाबाई आमच्या बौद्ध वस्तीतली सत्तरीची सुईण. दोन्ही बाळंतपणं तिनंच केली होती. तेवढाच तिचा गुन्हा.

"म्या नाळ कापली रं, नजर न्हाई लावली," ती म्हणाली. कुणीतरी दगड उचलला.

"हिला गावाभायेर काढा," महाराजांनी हुकूम सोडला. "पोरीला दुधातून अंगारा पाजा. दवाखान्याची सुई टोचली तर अग्नी कोपंल."

मी पुढं झाले. "महाराज, हा माझ्या वहीतला कागद. यावर लिहवून दाखवा."

"बाटलेल्या हातचा कागद अग्नी घेत न्हाई," महाराज म्हणाले, आणि लोक हसले.

अशी ठिणगी मी शाळेत पाहिली होती, कपाटातल्या बरणीतला सोरा सांडलेल्या कागदाला काडी लागली तेव्हा. मी सरजाबाईचा हात धरून तिला शाळेत नेलं. बरणीतला सोरा पाण्यात विरघळवला, काडीनं कागदावर लिहिलं, उन्हात वाळवलं. कागद पुन्हा कोरा दिसायला लागला. पारावर येऊन मी त्याला उदबत्ती लावली. ठिणगीनं लिहिलं : दवाखाना.

गर्दीतली पार्वतीबाई माझ्या पायांवर कोसळली. "बाईच्या अंगात आलं! बाई, माज्या घराचं सांगा!"

दगडाला मी भ्याले नव्हते, तेवढी त्या नमस्काराला भ्याले.

"उठा. अंगात काही आलं नाही. आप्पा, तुम्ही लिहा. तुमच्या हातानं."

आप्पांनी काडी सोऱ्यात बुडवून स्वतःचं नाव काढलं. कागद वाळल्यावर मी उदबत्ती सरजाबाईच्या हाती दिली. ठिणगी आप्पांच्या नावावरून चालत गेली.

"हा सोरा," मी म्हणाले. "फटाक्याच्या दारूत असतो तोच. याच्या पोटात प्राणवायू असतो, म्हणून जिथं तो लागलेला असतो तिथंच कागद आधी जळतो. नाव अग्नी लिहीत नाही. नाव माणूस लिहितो, आणि कुणाचं लिहायचं ते आधीच ठरवतो."

मागं पाहिलं तर महाराज झोळी उचलून सडकेला लागले होते. त्यांना कुणी अडवलं नाही.

आप्पांनी दुपारी जीप केली, मीही बरोबर गेले. लातूरच्या डॉक्टरांनी बाळाच्या रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर घेतला. रक्त काताच्या पाण्यासारखं तपकिरी होतं. हवेतही लाल होईना.

"काय पाजता?"

"डब्याचं दूध," शिवकांता म्हणाली. "तापानं माजं आटलं. आमच्या हिरीच्या पान्यात कालवते."

"विहिरीजवळ काय आहे?"

"गुरं," आप्पा म्हणाले. "गावची समदी गुरं दोन साल तिथंच बांधत आलो. श्यानाचा ढीग बी तिथंच."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "नायट्रेट. शेणमुतापासून जमिनीत तयार होतं, पाण्यात उतरतं. पिकाला ते अन्न. तान्ह्या बाळाच्या रक्तात गेलं की रक्त प्राणवायू पोचवत नाही. मोठ्यांना सहसा कळतही नाही."

सोरा हे त्याच घराण्यातलं मीठ. पूर्वी तो जुन्या गोठ्यांच्या मातीतूनच काढत. हे मी दरवर्षी वर्गात शिकवत होते, आणि दररोज त्याच विहिरीचं पाणी पीत होते.

उतारा असलेलं इंजेक्शन लातुरात मिळेना. सोलापूरला माणूस धाडला. तो परतायच्या आत, दिवस मावळायला, पोरगी गेली.

"चार दिवसांपूर्वी आणली असती तर..." डॉक्टर एवढंच म्हणाले.

परतताना जीपमध्ये शिवकांता म्हणाली, "बाई, म्या तर पानी उकळून पाजलं. दोन-दोन बार उकळलं."

मला गप्प राहता आलं असतं. पण तिची जाऊ सिंधू सहा महिन्यांची पोटुशी होती.

"उकळल्यानं जंतू मरतात, शिवकांता. हा क्षार मरत नाही. पाणी आटतं आणि तो आणखी दाट होतो."

"म्हंजी मीच..."

"नाही. तुला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी सांगायचं, त्यांत मीही होते."

ती त्यानंतर माझ्याशी कधी बोलली नाही.

आप्पांनी गुरं हलवली, ढीग उपसला. पण जमिनीत मुरलेलं निघायला वर्षं लागतात. "बाई, खरं काय ते उमगलं," ते म्हणाले. "पन दुसरं पानी कुठून आनू?" हातपंप नाही, टँकर नाही, दुसरा आड नाही; गाव तेच पाणी पीत राहिलं. सरजाबाई भाचीकडं नायगावला निघून गेली, बोलावूनही परतली नाही. बिलोलीकडं कुणा महाराजाचा अग्नी अजून नावं लिहितो, असं कानावर येतं.

तरी सांगते, कारण सांगण्यापलीकडं माझ्या हाती काही नाही. तान्ह्या बाळाचे ओठ निळे दिसले तर त्याच घटकेला डॉक्टरकडं न्या. कुणी केलं, असं कुणाला विचारू नका. बाळ काय प्यालं, ते विचारा. हा एक प्रश्न आमच्या गावात चार दिवस कुणीच विचारला नाही.