शेवटचा जोड

बोर्गहिल्ड आजीला चर्चच्या तळघरात जायला बंदी झाली होती, आणि बंदी घालणारी दुसरीतिसरी कुणी नव्हे, तिची सख्खी सून. कारण काय, तर तिथे भरून ठेवलेल्या, मादागास्करला जायच्या सामानाच्या पिंपात आजीने मुरवलेल्या हेरिंग माशांची बरणी घातली. बरं, घातली ती घातली, वर नव्या चादरींत गुंडाळून घातली. बरणी गळली. पुढचं काय सांगायचं! चादरी तीनदा धुतल्या तरी गावातली मांजरं वाळणाच्या दोरीखालून हलेनात.

"आई, आता तुम्ही त्या पिंपांच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहायचं नाही," आर्दिस म्हणाली.

"बरं बाई," आजी म्हणाली.

आजीच्या 'बरं बाई'चा अर्थ आमच्या सगळ्या गावाला ठाऊक होता. आर्दिस बिचारी मिनिआपोलिस शहरातली. तिला वाटलं, झालं, म्हातारीने ऐकलं.

आजीचा एकुलता एक मुलगा हाल्वर, पाळक. मिशनने त्याला पाच वर्षांसाठी मादागास्करला नेमलं होतं, बायको आणि दोन पोरांसकट. आमच्या गावाला यात नवल नाही. दुसऱ्या गावांतली माणसं फार तर शिकागोपर्यंत जातात, आमची ऊठसूट मादागास्करला जातात. निम्म्या गावाचा कुणी ना कुणी मामा नाहीतर मावशी तिथे आहेच. निरोप कसा द्यायचा तेही ठरलेलं. चर्चमध्ये गाणं, तळघरात जेवण, आणि मिशनऱ्याच्या आईने रडायचं नाही. डोळे पुसायचेच झाले, तर कॉफी फार गरम होती म्हणून.

आजी रडत नव्हती. पण तिचा मनातला हिशेब काही केल्या थांबत नव्हता. नात थोरा सात वर्षांची, ती कदाचित लक्षात ठेवील. नातू नेल्स चार वर्षांचा. तो परत येईल तेव्हा नऊचा घोडा झालेला असेल, आणि कुणीतरी त्याला पुढे ढकलून म्हणेल, ही बघ, ही तुझी आजी, हात मिळव. हात मिळव! जो पोरगा आज तिच्या मांडीवर बसून तिच्या कानाची पाळी ओढतो, त्याने हात मिळवायचा! आणि हात मिळवायला तरी आजी शिल्लक हवी ना. सत्तरी उलटून गेली होती. पाच वर्षं हा आकडा तिला कुणी उच्चारलेलासुद्धा सोसत नव्हता.

म्हणून तर पिंपात शिरण्याचा एवढा खटाटोप. स्वतः शिरता येत नाही, निदान हेरिंग तरी शिरावं.

हेरिंग फसलं, पण आजीच्या डोक्यात दुसरं आलं. बूट!

तिकडे आपल्या मापाचे बूट मिळत नाहीत, म्हणून पोरांचे पाचही वर्षांचे बूट इथूनच घेऊन जायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. आर्दिसने दोन्ही पोरांना खाकी कागदावर उभं करून पावलांभोवती पेन्सिल फिरवली, मग दर वर्षी पाय किती वाढेल याचा अंदाज बांधून प्रत्येकाचे पाच पाच जोड आणवले. मुठीएवढ्यापासून चढत चढत. थोराचा शेवटचा जोड तपकिरी, दोन पट्ट्यांचा, पितळी बकलांचा, चांगला बारा वर्षांच्या मुलीचा. आर्दिसने तो स्वतः निवडला होता आणि पिंपात ठेवण्याआधी उगाचच दोनदा फडक्याने पुसला होता.

हाल्वरला प्रवचनात अवघड गोष्टी सोप्या करून सांगायची खोड. तीच त्याने घरी चालवली. बुटांची रांग दाखवून पोरांना म्हणाला, "हे सगळे जोड झिजले ना, की आपण घरी परत!" थोराने बुटांकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि गप्प बसली. ही पोरगी गप्प बसली की आजीच्या कानात घंटा वाजते. पण त्या दिवशी आजी स्वतःच्याच बेतात होती, तिचं लक्ष नव्हतं.

आजीचा बेत असा. दर रविवारी प्रवचन लांबलं की आजीच्या झग्याच्या खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या निघायच्या, एक थोराला, एक नेल्सला. आर्दिसने त्याही बंद केल्या होत्या. म्हणे तिकडे दाताचा डॉक्टर नाही. तर आजीने ठरवलं, प्रत्येक बुटाच्या चवड्यात थोड्या थोड्या गोळ्या कोंबायच्या. दर वर्षी पोरं नवा जोड काढतील, पाय घालतील, काहीतरी टोचेल. बोट घालून काढतील, तोंडात टाकतील. आणि तोंडात काय येईल? आजी! विसरून तर दाखवा म्हणावं.

शनिवारी दुपारी महिला मंडळाच्या बायका वर चर्चमध्ये निरोपाच्या गाण्याची तालीम करत होत्या. पिंपं न्यायला संध्याकाळी ट्रक येणार होता. चार कडव्यांचं गाणं, त्यात ओलिनाबाईंचा सूर, म्हणजे अर्धा तास निश्चिंती. आजीने दोन्ही खिसे गोळ्यांनी भरले आणि मागच्या दाराने तळघर गाठलं.

खाली पोचते तो आतल्या खोलीतून आवाज. खर्र... खर्र... टप. खर्र... खर्र... टप.

आजी दारात थबकली. बुटांच्या पिंपाचं झाकण जमिनीवर पडलेलं. थोरा तिच्या पायाच्या दीडपट मोठ्या तपकिरी बुटांत उभी राहून सिमेंटच्या फरशीवर पाय घासत भिंतीपर्यंत जात होती आणि घासत परत येत होती. आणि कोपऱ्यात नेल्स, मांडी घालून, जीभ बाहेर काढून, एकेक बूट उलटा धरून त्याचा तळ चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बटाट्याच्या किसणीवर किसत होता. त्याच्यापुढे चामड्याच्या किसाचा हा एवढा ढीग!

"उफ दा!" आजीच्या तोंडून आमच्याकडचं 'अरे देवा' निघालं. "अरे गाढवांनो, हे काय चाललंय?"

नेल्स दचकला नाही. तो कामात होता. "आजी, मी माझे सगळे झिजवले," तो म्हणाला. "आता ताईचे झिजवतोय."

"पण का रे मेल्या?"

थोराने पाय घासायचं थांबवलं नाही. "बाबा म्हणाले ना, सगळे जोड झिजले की घरी परत. मग आधीच झिजवून टाकले, तर जायलाच नको." ती जरा धापा टाकत होती. "हा शेवटचा फार टणक आहे, आजी. मोठ्या पायाचा आहे म्हणून."

आजी मटकन खाली बसली. हसू यावं की रडू यावं, कळेना. तिने नेल्सच्या हातातला बूट घेतला आणि तळावरून अंगठा फिरवला. खरं सांगू? तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की किसणीची दुसरी बाजू जास्त धारदार आहे.

पण ती मिशनऱ्याची आई होती, आणि महिला मंडळाची माजी अध्यक्षही. तिने तोंड कडक करायचा प्रयत्न केला. "असं नसतं गं राणी. बाबांनी नुसतं समजावून सांगितलं. बूट झिजले म्हणून वर्षं झिजत नाहीत."

"मग बाबा खोटं बोलले?" थोराने विचारलं.

आता आली का पंचाईत! पाळकाची पोरं, ऐन निघायच्या तोंडावर बाप खोटारडा ठरवायचा? आजी काहीतरी बोलणार, तोच वरचं गाणं एकदम थांबलं. मेल्या तिसऱ्याच कडव्यात दमल्या वाटतं. जिन्यावर पावलं वाजली. आर्दिसचा आवाज आला, "ट्रकवाला लवकर आलाय, झाकणं लावून घेऊ या."

मग आजीची जी तारांबळ उडाली ती बघायला हवी होती. किस झग्याच्या ओच्यात गोळा केला, बुटांच्या जोड्या धडाधड पिंपात टाकल्या, आणि तशा घाईतही प्रत्येक बुटात चार गोळ्या टाकायला ती विसरली नाही. "तो काढ, तो काढ पायातला!" ती थोराला कुजबुजली. थोराच्या पायातून तपकिरी बूट निघाले, पण पिंपापर्यंत हात पोचायच्या आत दार ढकललं गेलं. आजीने काय करावं? किसणी बुडाखाली लपवत खाली बसकण मारली, आपल्या सपाता पिंपामागे भिरकावल्या आणि तपकिरी बुटांत स्वतःचेच पाय घातले.

घातले आणि बसलेही! आजी अंगाने चिमणीएवढी. गावच्या दुकानात तिला नेहमी मुलींच्या फळीवरचेच बूट मिळत, त्यावरून सगळ्यांनी तिची थट्टा करून झाली होती. आज ती पावलं कामी आली. वरून लांब झगा सोडला, की झालं.

दारात आर्दिस, मागे महिला मंडळाच्या अध्यक्ष ओलिनाबाई.

"आई! तुम्ही इथे?"

"प्रार्थना करत होते," आजी म्हणाली. किसणीवर बसलेल्या माणसाचा चेहरा आपोआपच भक्तिभावाचा होतो.

"पिंपाजवळ?"

"पोरांसाठी करत होते, तर पोरांच्या सामानाजवळच करणार ना? गाईजवळ जाऊन करू?"

"बोर्गहिल्ड, अगं उठ तरी," ओलिनाबाई म्हणाल्या, "फरशी गार आहे."

"अजून आमेन म्हटलेलं नाही."

तेवढ्यात नेल्सने मघाच्या घाईत खाली पडलेली गोळी कडकन दातांनी फोडली. आर्दिसने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग आजीच्या फुगलेल्या खिशाकडे. "आई, पेपरमिंट!"

आजीने हे हसत हसत अंगावर घेतलं. खिसे उलटे केले, उरल्यासुरल्या गोळ्या फरशीवर घरंगळल्या, मान खाली घालून चार शब्दही ऐकून घेतले. मोठी चोरी लपत असेल तर छोटीत सापडायला तिची कधीच ना नव्हती. आर्दिसने सुस्कारा टाकला, पिंपात न डोकावता झाकण ठेवलं आणि पत्र्याचं कडं आवळून टाकलं. पिंप बंद झालं. शेवटचा जोड आजीच्या पायात राहिला.

सगळे वर गेल्यावर थोरा रडवेली होऊन म्हणाली, "आजी, आता तो पिंपात ठेवायचा राहिला. आई रागावेल."

आजी किसणीवरून हळूच उठली. तिने थोराला जवळ ओढलं. "हे बघ. तुझ्याकडे आता किती जोड राहिले?"

"चार."

"आणि हा पाचवा कुणाच्या पायात आहे?"

"तुझ्या."

"मग हा मी झिजवते इथे. आजपासून. तुझे चार तिकडे नीट, रोजच्या रोज झिजव, किसणी नको. तोवर मी हा इथे उरकते. कामाची वाटणी."

थोराने मनाशी हिशेब केला. तिचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे एक वर्ष कमी?"

"ते आपण बघू."

"आणि नेल्सचा पाचवा?"

आजीने कोपऱ्यात राहिलेल्या चामड्याच्या किसाकडे बघितलं. "त्याने आपलं वर्ष केव्हाच उरकलंय."

सोमवारी सकाळी सगळं गाव स्टेशनावर जमलं. ओलिनाबाईंनी थर्मासमधून इतकी गरम कॉफी आणली होती की सगळ्यांनाच डोळे पुसायची सोय झाली. आजी मात्र लंगडत होती. नवं कोरं चामडं, दोन दिवस सलग पायात. दोन्ही टाचांना फोड आले होते. हाल्वरने विचारलं, "आई, पायाला काय झालं गं?" "वय झालं," आजी म्हणाली. हाल्वर गलबलला. आजीला जरा लाज वाटली, पण फार नाही.

नेल्सने तिच्या कानाची पाळी ओढली. थोराने निरोप घेताना एकदाच खाली बघितलं, मग वर, आणि दोघींनी ओठ घट्ट मिटून घेतले.

शेवटी आर्दिस आली. तिने सासूला मिठी मारली आणि मिठीतून सुटताना तिची नजर खाली गेली. फलाटावर वारा होता, झगा उडत होता. तपकिरी चामडं, दोन पट्ट्या, पितळी बकलं.

संपलं, तिला वाटलं. आता इथेच काढून द्यावे लागणार, आणि पोरीच्या डोळ्यांदेखत तिचं वर्ष परत तिच्या हातात द्यावं लागणार.

आर्दिस बराच वेळ त्या बुटांकडे बघत राहिली. मग तिने थोराकडे बघितलं; सगळे जोड झिजले की घरी परत, हे हाल्वरचं वाक्य तिनेही ऐकलं होतं. थोरा आकाशात काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होती. आर्दिसची हनुवटी हलली. शहरातली, शिस्तीची, कधी कुणासमोर न रडलेली बाई; तिचीही आई मिनिआपोलिसात होतीच की.

ती आजीच्या कानाशी वाकली. "आई," ती हळूच म्हणाली, "मातीच्या वाटेने नका जाऊ. मातीवर लवकर झिजत नाहीत. खडीच्या रस्त्याने चाला."

गाडी हलली. आजी फलाटाच्या टोकापर्यंत हात हलवत गेली आणि गाडीचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही उभी राहिली. तिने डोळे पुसले. कॉफी केव्हाच संपली होती.

ओलिनाबाई मोटारीचं दार उघडून उभ्या होत्या. "चल बोर्गहिल्ड, घरी सोडते."

"नको. मी चालत जाते."

"या पायांनी? अगं, दीड मैल आहे!"

आजी खडीच्या रस्त्याला लागली होती. एकेक पाऊल ओढत, खर्र, खर्र, धूळ उडवत. ओलिनाबाई मोटार हळूहळू चालवत तिच्या बाजूने आल्या.

"काय गं हे, पाय असे घासत का चालतेस?"

"घाई आहे गं," आजी म्हणाली आणि चालत राहिली.