तीन तुकडे, तीन फटके

फिटर लेकीला उद्याच्या मुलाखतीसाठी इंग्रजी शिकवत होता म्हणे. शिकवत होता, डोंबल! कारखान्यात सळई कापायच्या आधी तो तिच्यावर खडूनं खुणा करायचा, तशाच त्यानं टेबलावर शब्द लिहून खुणा मारल्या होत्या. गुड, टेम्, पर्ड. एकेका तुकड्याला पोलादी पट्टीचा एक फटका टेबलावर. चुकलं की तोच फटका पोरीच्या बोटांवर.

त्याची बायको कणकेनं माखलेल्या हातांनी दारात उभी होती. अकरा वर्षांची तिची बडबडी पोर सकाळपासून मुकी झाली होती. मधलं बोट सुजून काळंनिळं पडलं होतं.

"बोल!" फिटर ओरडला. "उद्या ततपप केलंस तर कोण घेणार शाळेत? माझ्यासारखं हसं करून घ्यायचंय जन्मभर?"

साहेबासमोर इंग्रजी वाचताना तो एकदा अडखळला होता. अख्खा कारखाना हसला, फोरमनची जागा हातची गेली. बायकोला ते सगळं ठाऊक होतं. म्हणून काय पोरीची बोटं मोडायची?

"अहो, बास करा आता! एवढा कसला मेला तो शब्द? अर्थ तरी काय त्याचा?"

"शांत स्वभावाचा," तो म्हणाला आणि त्यानं पट्टी उगारली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पट्टी हिसकावली आणि त्याचं मनगट टेबलावर दाबून धरलं.

"आता तुम्ही म्हणा! गुड!" पट्टी सपकन बसली. "टेम्!" कातडी फाटून रक्त आलं.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"पर्ड!" तिनं पट्टी कडेनं हाणली. हाड कडकन वाजलं आणि फिटर खुर्चीसकट खाली कोसळला. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. तिनं पुन्हा हात उचलला.

"गुड-टेम्पर्ड."

अख्खा शब्द, एका दमात. तिनं वळून पाहिलं.

"गुड-टेम्पर्ड, गुड-टेम्पर्ड," पोर भराभरा म्हणत होती. "आलं मला, आई. खरंच आलं."

आईच्या हातातली पट्टी गळून पडली. लेकीला पोटाशी धरायला ती पुढे झाली. पोरीनं डोळे घट्ट मिटले आणि सुजलेला हात टेबलावर पालथा ठेवला.