उशिरा आलेली ओ

पडद्यावर चालणारी जी भुतं तुम्ही ऐकलीत, त्यातली बरीचशी माझ्या पायांनी चालली आहेत. घाबरू नका, मी जिवंत आहे, आणि गुडघे सोडले तर धडधाकटही आहे. सिनेमाचं चित्रण होताना बारीकसारीक आवाज नीट टिपले जात नाहीत. चालणं, दार लावणं, पेला ठेवणं, कपड्यांची सळसळ, हे सगळं नंतर एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत बघत पुन्हा करावं लागतं. ते मी करते. आमचे हे काचेपलीकडे बसून ते टिपतात. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं असेच बसलोय, मध्ये काच, त्यांचं तोंड यंत्राकडे.

माझ्या खोलीत लाकडी फळ्यांची जमीन आहे, खडीची आणि वाळूची ताटं आहेत, कपाट भरून लोकांचे जुने बूट आहेत आणि कुठेही न उघडणारी दोन-तीन दारं आहेत. कुणाचं हाड मोडायचं असलं की मी कोबीचा दांडा मोडते, आणि उरलेल्या कोबीची भाजी घरी करते. जागा जुनी, त्यामुळे फळ्या थेट काचेखालून ह्यांच्या खुर्चीपर्यंत गेल्यात. मी टाच जोरात आपटली की त्यांची खुर्ची हादरते आणि मग, "अगं हळू, माणूस बसलाय इथे!" म्हणून ओरडा बसतो.

काचेपलीकडे बोलायला एक बटण आहे. पण बटण दाबून नवऱ्याशी कोण बोलतं? मी आपली मधलं दार उघडं ठेवून हाक मारायची, "अहो!" आणि तिकडून यायची, "ओ!" जमलं का? ओ. चहा सांगू का? ओ. दुसऱ्या शब्दाची आम्हाला फारशी गरजच पडली नाही.

ती ओ गेले काही महिने बंद झाली होती. मी हाक मारायची, पुन्हा मारायची, आणि हे माझ्याकडे पाठ करून दगडासारखे बसलेले. घरी आलं की पेपरात डोकं. मला वाटलं, मुद्दाम कानाडोळा करतायत. माझी मोठी जाऊ म्हणायची की नवरा कंटाळला की आधी त्याचे कान जातात, आणि तिचा या विषयातला अनुभव दांडगा होता. 'तुम्ही मला कंटाळलात का हो?' हे जिभेच्या टोकावर यायचं आणि परत आत जायचं. कारण समजा 'हो' म्हणाले असते तर? शेवटी मीही फुगून बसले. गेला आठवडाभर मी हाक मारणंच सोडलं होतं. कामापुरतं बटण दाबायचं, कोरडं बोलायचं, संपलं.

अशात दचकू आला. दचकू म्हणजे एक तरुण दिग्दर्शक, हे नाव मीच ठेवलेलं. त्याच्या भुताच्या सिनेमात दर पाच मिनिटांनी काहीतरी धाडकन आदळायचं. त्याने सिनेमा चार ओळखीच्या लोकांना बोलावून दाखवला होता आणि ऐन भुताच्या प्रसंगाला लोक खो-खो हसले होते. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"काकू, काय चुकतंय तेच कळत नाही," तो म्हणाला. "सगळे उडाले ना खुर्चीतून! आणि लगेच हसले."

"उडणारच. मागून येऊन भोंगा वाजवलास तर मीही उडेन, आणि मग तुला चपलेने मारेन. पण ते दचकणं झालं रे. दचकलेला माणूस पुढच्या क्षणी हसतो. घाबरलेला हसत नाही."

"मग घाबरवायचं कसं?"

"ते मला माहीत असतं तर मी इथे कोबी मोडत बसले असते का?"

तो हसला. पोरगा तसा गुणी, लागेल असं बोललं तरी रुसत नाही. त्याने तो प्रसंग लावला. एक बाई स्वयंपाकघरात भाजी चिरतेय. आतल्या खोलीत खुडबुड होते. नवरा आला असेल म्हणून ती हाक मारते, "अहो!" आतून आवाज येतो, "ओ!" आणि तेवढ्यात फोन वाजतो. फोनवर नवरा: "अगं, मी अजून ऑफिसातच आहे."

प्रसंग छानच होता. पण ती ओ ऐकून मी कपाळाला हात लावला. विहिरीच्या तळातून रेडा हंबरल्यासारखी, वर ढोल.

"ही कुठल्या घरातली ओ?" मी म्हटलं. "ही ऐकून बाई फोनची वाट बघेल का? आधीच दाराबाहेर पळेल."

दचकूने प्रसंग तिथेच थांबवला. मग म्हणाला, "म्हणजे साधी हवी. रोजची. कुठल्याही घरातल्या कुठल्याही नवऱ्याची." आणि त्याने काचेपलीकडे बघितलं. "काका देतील?"

महिनोन् महिने जी ओ मला मिळाली नाही, ती आता सिनेमासाठी मागून घ्यायची? पण धंदा तो धंदा. मी बटण दाबून सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि छोटं टिपायचं यंत्र मांडीशी धरून बोळाच्या टोकाला, सामानाच्या खोलीत जाऊन बसले. हाक अशीच लांबून ऐकू यायला हवी होती, म्हणून कानावरचे हेडफोन काढून इथेच ठेवले. दारं सगळी उघडी. मी इकडे भाजीऐवजी गाजर घेऊन चिरायच्या फळीशी उभी राहिले. दचकूने हात वर केला.

मी गाजर चिरलं. थांबले. हाक मारली, "अहो!"

काही नाही.

मी वाट पाहिली. इतकी की दचकूसुद्धा माझ्याकडे बघायला लागला. वाटलं, लोकांसमोरसुद्धा देणार नाही हा माणूस. डोळ्यांत पाणी यायला लागलं, रागाने. पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आली.

"ओ."

साधी, जरा घाईची, चष्मा शोधता शोधता दिल्यासारखी. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

आम्ही ते चित्रावर बसवून पाहिलं. ढोल काढले. बाई हाक मारते. शांतता. बाई खांदे उडवते, घरात कुणी नाही म्हणून पुन्हा सुरीकडे वळते, आपणही सैल होतो. आणि मग ती ओ. दचकूने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. स्वतःचा सिनेमा त्याने शंभरदा पाहिला असेल, तरी त्याची बोबडी वळली होती.

"उशीर झाला मला," हे पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते. "मधली जागा कापून टाकतो. किंवा पुन्हा घेऊ."

"काका, हात लावू नका!" दचकू जवळजवळ ओरडलाच. "ती जागाच तर भीती आहे. एवढं थांबायचं तुम्हाला सुचलं कसं?"

हे नुसते यंत्राकडे बघत राहिले. मीही तिकडे पाहिलं. यंत्रावर एक काटा आहे, आवाज आला की तो हलतो. मी हाक मारली तेव्हा तोही हलला असणार. हा माणूस त्या खोलीत एकटा बसून काट्याकडे बघत होता का? काटा हलला, म्हणजे बायकोने हाक मारली?

दचकू आनंदाने बाहेर फोन करायला गेला. यंत्र जागेवर ठेवायला हे गेले. मी ह्यांचे हेडफोन उचलले, कानाला लावले आणि गाजराचा टिपलेला आवाज पुन्हा लावला.

आई गं! कानात कुणीतरी तोफ उडवली. मी ते भिरकावूनच दिले. गाजर चिरण्याचा आवाज, आणि माझं डोकं घंटेसारखं घणघणत होतं. एवढा मोठा आवाज लावून ते रोज ऐकत होते, आणि त्यांना तो साधा वाटत होता.

आधी काय वाटलं ते खरं सांगते: जीव भांड्यात पडला. कंटाळले नव्हते! आणि त्याच्या मागोमाग भीतीही वाटली.

ते परत आले. जमिनीवर पडलेले हेडफोन बघितले, माझ्याकडे बघितलं आणि समोरच्या खुर्चीत बसले.

"कधीपासून?" मी विचारलं. तोंड त्यांच्याकडे करून, स्वच्छ.

"बरेच दिवस झाले. डॉक्टरला दाखवून आलोय. बारीक आवाज आधी जातात म्हणाला. दारं कळतात, बूट कळतात, दचकूचे ढोल तर चांगलेच कळतात." त्यांनी हेडफोन उचलले. "तू आधी गेलीस."

"मी आणि बारीक!" मी म्हटलं.

"यंत्र मिळतं म्हणे कानात घालायचं. घालेन. पण आवाज टिपणाऱ्याच्या कानात यंत्र बघून कोण काम देईल? म्हणून बोललो नाही."

"लोकांना सांगू नका. मला सांगायला काय झालं होतं? मी इथे रोज मरत होते! वाटलं, विटलात मला!"

ते चपापले. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. हेडफोनची वायर गुंडाळायला लागले.

"मला एकच भीती होती," ते म्हणाले. "मी ओ दिली नाही तर तू तरी किती दिवस हाका मारशील? एक दिवस सोडून देशील. आणि तू सोडलंस हे मला कळणारसुद्धा नाही. मी आपला इथे बसून राहीन, तू मारतेच आहेस असं समजून."

आठवडाभर मी एकही हाक मारली नव्हती. त्यांना कळलं नव्हतं.

ते सांगायचं धाडस झालं नाही, आणि सांगून उपयोगही नव्हता. त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठून माझ्या खोलीत गेले. ते वळून पुन्हा यंत्राशी बसले, माझ्याकडे पाठ करून, नेहमीसारखे.

कपाटातून मी सगळ्यात जड बूट काढले, एका जल्लादाच्या प्रसंगासाठी आणलेले, आणि पायात घातले. फळीच्या कडेला उभी राहिले. हाक कशी मारायची ते मला आता नव्याने शिकायचं होतं. खरंच सांगते, इतकी भुतं चालले, पण अशी भीती कधी वाटली नव्हती.

मी टाच आपटली. 'अ'ला एकदा, 'हो'ला एकदा.

फळी थरथरली, काचेखालून गेली, खुर्ची हलली. पाठ हलली नाही. मी वाट पाहू लागले.

"ओ," ते म्हणाले. वळूनसुद्धा न बघता. "अगं हळू, माणूस बसलाय इथे."